विश्लेषण : बेसबॉल न्यूयॉर्कमध्ये घडला, मग मैदानासाठी नदी का ओलांडावी लागली?

बेसबॉलचा शोध १८३९ मध्ये अब्नर डबलडे यांनी कूपरस्टाउन या गावात लावला, असे अमेरिकेत वर्षानुवर्षे सांगितले गेले. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. आजच्या बेसबॉलचा पाया घातला गेला न्यूयॉर्क शहरात, तोही मोकळ्या जागा झपाट्याने संपत असताना.

सुरुवात कोणी केली?

चेंडू-फळीचे असे खेळ आधीपासून होतेच. २३ सप्टेंबर १८४५ रोजी ‘निकरबॉकर’ क्लब स्थापन झाला आणि त्याने नियम लिहून काढले. सदस्यांमध्ये व्यापारी, डॉक्टर आणि कारकून होते. धावणाऱ्याला चेंडू फेकून मारत बाद करण्याची पद्धत (आपल्या आबाधुबीची आठवण करून देणारी) या नियमांनी बंद केली. त्यामुळे कडक चेंडू वापरणे शक्य झाले.

शहराबाहेर का जावे लागले?

१८४० मध्ये न्यूयॉर्कची लोकसंख्या सुमारे ३ लाख १२ हजार होती, १८६० मध्ये ती ८ लाख १३ हजारांवर गेली. मॅनहॅटनमधील मोकळ्या जागांवर इमारती उभ्या राहू लागल्या. खेळाडू फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून होबोकेनच्या ‘एलिशियन फील्ड्स’वर जाऊ लागले. फेरी चालवणाऱ्या स्टीव्हन्स कुटुंबानेच प्रवासी मिळावेत म्हणून ही बाग विकसित केली होती. १९ जून १८४६ रोजी तिथे झालेल्या सामन्यात निकरबॉकर संघ २३-१ असा हरला.

तिकीट कधी आले?

१८५७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन नऊ डावांचा सामना निश्चित केला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या निवडक संघांच्या लढतींसाठी प्रवेशशुल्क घेण्यात आले. १८६२ मध्ये विल्यम कॅमेयर यांनी ब्रुकलिनमधील आपल्या स्केटिंगच्या जागेला कुंपण घालून ‘युनियन ग्राउंड्स’ सुरू केले. क्लबांना मैदान फुकट, प्रेक्षकांना मात्र १० सेंट! ही कमाई कॅमेयर यांच्याकडे जाई.

परिणाम काय झाला?

गर्दी वाढली, तसे क्लबही कमाईत वाटा मागू लागले. खेळाडूंना आधी छुपे पैसे मिळू लागले. १८६९ मध्ये सिनसिनाटीचा संघ उघडपणे पगारी झाला. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली, तेव्हा न्यूयॉर्कचा ‘म्युच्युअल्स’ संघ युनियन ग्राउंड्सवरच खेळत होता.

थोडक्यात, वाढत्या शहराने बेसबॉलला खेळाडू आणि प्रेक्षक दिले, पण फुकटचे मैदान काढून घेतले. तीस वर्षांत हा खेळ मोकळ्या जागेवरून तिकीट खिडकीपर्यंत पोहोचला.