कोजागिरी, आमची गच्ची आणि गॅमा किरण

९ ऑक्टोबर २०२२. रविवार, त्यात कोजागिरी! वीकेंडला जालन्याला घरी आलो होतो. संध्याकाळी पावणेसातला मी गच्चीवर सतरंजी अंथरत होतो, खाली आई 'अरे, दूध उतू गेलं!' म्हणून ओरडत होती आणि माझ्या डोक्यात एकच विचार: रात्रीच्या ट्रॅव्हल्सला खिडकीची सीट मिळेल ना? नेमका तेव्हाच, ६ वाजून ४७ मिनिटांनी, माणसाने आजवर टिपलेला सगळ्यात प्रखर गॅमा किरण स्फोट पृथ्वीवर येऊन धडकला. आणि कुठे? जवळजवळ आमच्या डोक्यावर!

फेकत नाहीये, बॉस. आकाशातली ती जागा खगोलीय विषुववृत्ताच्या १९.८ अंश उत्तरेला आहे आणि जालन्याचे अक्षांशही साधारण तेवढेच. म्हणजे ती जागा रोज एकदा आमच्या माथ्यावरून जातेच. त्या मिनिटाला ती दीवच्या दक्षिणेला, अरबी समुद्राच्या वर होती. आमच्या गच्चीवरून बघाल तर माथ्यापासून जेमतेम पाच अंश पश्चिमेला. हात लांब करून तीन बोटं धरा, तेवढंच अंतर.

दिसलं काय? काहीच नाही. गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात (ते बरंच आहे म्हणा!). म्हणून त्यांना पकडायला दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. मुळात हे स्फोट सापडले तेही चुकून. २ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहांना पहिला स्फोट दिसला. त्यांना पाठवलं होतं चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला. जगाला हे कळलं १९७३ मध्ये.

आमच्या कोजागिरीच्या पाहुण्याचं नाव जीआरबी २२१००९ए, म्हणजे नुसती तारीखच. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी एक अवाढव्य तारा कोसळला, त्याचे किरण तेव्हापासून वाटेवर होते. 'फर्मी' दुर्बिणीचे डिटेक्टर चक्क ओव्हरलोड झाले, आपल्याकडच्या विजा टिपणाऱ्या उपकरणांनाही चाहूल लागली आणि आयनांबर काही तास ढवळून निघालं. असा स्फोट दहा हजार वर्षांतून एकदा होतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. आणि खास याच कामासाठी २००४ मध्ये सोडलेल्या 'स्विफ्ट'च्या नजरेत नेमका तेव्हा तो भाग नव्हता! ७ वाजून ४० मिनिटांनी त्याला दिसला तो मागे उरलेला उजेड. टीमला आधी वाटलं, आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी असेल.

खरी मेख इथेच आहे. खेळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा. रिपीट टेलिकास्ट नाही. तुमची पाठ वळलेली असेल, तर गेलं.

आपल्या 'ॲस्ट्रोसॅट'ची गोष्ट मला म्हणूनच आवडते. २८ सप्टेंबर २०१५ ला तो उडाला. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने, पुण्याच्या आयुकाच्या साथीने तयार झालेलं. काम काय, तर समोर बघणं. पण किरणांची ऊर्जा वाढली की त्याच्या भिंतीच जवळपास पारदर्शक होतात आणि बाजूने येणारे किरणही आत पोचतात. ६ ऑक्टोबर २०१५ ला, म्हणजे सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी, त्याने असाच एक स्फोट पकडला. २०२३ अखेरपर्यंत आकडा ६०० वर गेला. ज्या कामासाठी घेतलं त्यापेक्षा भलत्याच कामात नाव काढणारे तुमच्याही ऑफिसात असतील!

मात्र ॲस्ट्रोसॅटचं आयुष्य पाचच वर्षांचं धरलं होतं. शिवाय एकट्या उपग्रहाचं बरंचसं आकाश पृथ्वीच अडवते. म्हणून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने 'दक्ष' मोहिमेचा प्रस्ताव मांडला गेला आहे. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे पाठ अशी कुणाची नाहीच. तो प्रत्यक्षात यावा, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं आईला फोनवर रंगवून सांगितलं. ''अगं, त्या दिवशी पावणेसातला, आपल्या गच्चीवर!''

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, ''तरीच दूध उतू गेलं.''