आधी उघडा, मग आत जा

समजा, रूटच्या अधिकाराने चालणारा आपला प्रोग्राम टेम्पमधल्या जुन्या फाइली पुसतोय. आपण एलस्टॅटने तपासलं, डिरेक्टरीच आहे. मग सीएचडिर केलं. पण या दोन कॉलच्या मधे कुणी डिरेक्टरी हलवून तिथे ईटीसीकडे नेणारी लिंक ठेवली, तर? आपण ईटीसीतल्याच फाइली पुसत बसू!

म्हणून क्रम बदलूया. ओपनला ओ_डिरेक्टरी आणि ओ_नोफॉलो हे फ्लॅग द्यायचे. नावाच्या जागी लिंक असेल, तर ओपनच फसतं. डिस्क्रिप्टर मिळाला, की त्यावर एफसीएचडिर. आता बाहेर नाव कितीही बदललं तरी आपण उघडलेल्या डिरेक्टरीतच जातो.

मात्र नोफॉलो पाथचा फक्त शेवटचा घटक बघतो. आधीच्या घटकांसाठी ओपनअ‍ॅटने, हेच फ्लॅग देत, एकेक पायरी उतरायची.