काचेतलं पाणी जिवंत कसं राहतं

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या ॲपोथेकरीज सोसायटीतला रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली त्यानं बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण चोपन्न लिटरच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि तळाच्या वाळू-मातीत व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. काही दिवस सगळं छान चाललं. मग जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननं पाणी फेकून दिलं नाही. तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली आणि पाणी पुन्हा नितळ झालं. १८५० मध्ये हे निरीक्षण केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. आज घरोघरी दिसणाऱ्या वनस्पतींच्या फिश टँकचं मूळ या प्रयोगात आहे.

वॉरिंग्टनचा हिशेब सोपा होता. मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो वनस्पती घेते आणि उजेडात ऑक्सिजन परत देते. मेलेल्या पानांची सोय गोगलगाय लावते. हिशेब बरोबर होता, पण अर्धा. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरतो आणि तो माशालाच मारक असतो. त्याचं काय होतं, हे त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. उरलेला अर्धा हिशेब लागायला दीडशेहून अधिक वर्षं गेली.

पहिला धागा सापडला तो माशांच्या नव्हे, तर सांडपाण्याच्या अभ्यासात. १८७७ साली श्लेझिंग आणि म्यूंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी झिरपवलं. सुरुवातीचे काही दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. सुमारे तीन आठवड्यांनी मात्र खालून अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून ताज्या मातीचं पाणी घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ हे काम निव्वळ रासायनिक नव्हतं. वाळूच्या कणांवर कुणीतरी जिवंत बसलं होतं. पुढे १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्कीनं ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट.

यानंतरची जवळपास शंभर वर्षं सगळ्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टर या जिवाणूला मिळत राहिलं. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमधले जिवाणू जनुकीय पद्धतीनं तपासले, तेव्हा तिथे नायट्राइटवर काम करणारे नायट्रोस्पायरासारखे जिवाणू निघाले. २०१५ साली तर नायट्रोस्पायराच्या काही जाती एकट्यानंच दोन्ही टप्पे पार पाडतात, हे दोन स्वतंत्र संघांनी एकाच वेळी जाहीर केलं. त्यांपैकी नेदरलँड्सच्या संघाला ते जिवाणू मिळाले होते मत्स्यपालनाच्या गाळणीत. विनोग्राडस्कीपासून चालत आलेली समजूत माशांच्या पाण्यातल्या गाळानं बदलली, हे मला फार मोलाचं वाटतं. बैठकीच्या खोलीतल्या टँककडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो, पण त्यातल्या गाळणीच्या स्पंजच्या भोकाभोकांत हेच जिवाणू राबत असतात.

नवा टँक लावणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच की हे जिवाणू विकतच्या काचेबरोबर येत नाहीत. त्यांची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टँक, खडी आणि दहा मासे एकाच दिवशी घरी आले, की आठवड्याभरात मासे मरू लागतात आणि दोष माशांच्या जातीवर जातो. चालू टँकच्या गाळणीतला जुना स्पंज पिळून ते मळकट पाणी नव्या टँकमध्ये घातलं, तर ते विरजणासारखं काम करतं आणि हा काळ बराच कमी होतो. त्याच कारणानं गाळणी नळाखाली कधीही धुऊ नये. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं महिनोन्महिने जमलेली वसाहत एका धुण्यात जाते. टँकमधलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज हलकेच पिळावा.

वनस्पती या कामात जिवाणूंच्या बरोबरीनं उतरतात. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये लागवडीच्या टँकवर लिहिलेल्या पुस्तकात यावर भर दिला. बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी हवं असतं, कारण नायट्रेट वापरायचं तर त्याचं पुन्हा अमोनियम करण्यात ऊर्जा खर्ची पडते. म्हणून टँक पहिल्याच दिवशी दाट लावावा, आणि सुरुवातीला भरभर वाढणारी झाडं असावीत: हायड्रिला, हायग्रोफिला, सेराटोफायलम. चार नाजूक रोपं लावून बाकी जागा मोकळी ठेवली, तर मोकळी राहिलेली अन्नद्रव्यं शेवाळ उचलतं. वॉलस्टॅड यांची रीत साधी आहे: तळाशी इंचभर बागेची माती, वर तेवढाच बारीक खडीचा थर, मासे मोजके, उजेड बेताचा. आपल्याकडे काळी खडी सहज मिळते. ती बेसॉल्टची असेल तर पाण्याचे गुणधर्म बदलत नाही. पांढऱ्या संगमरवरी तुकड्यांचं तसं नाही. ते विरघळत राहतात आणि पाणी जड करतात. दगडावर लिंबू पिळून पाहावं. फसफसला तर बाहेर ठेवावा.

पाण्याखालच्या झाडाची खरी उपासमार कार्बनची असते. वायू हवेत जेवढ्या वेगानं पसरतात, त्याच्या दहा हजारांश वेगानं ते पाण्यात पसरतात. पानाला लागून पाण्याचा जो स्थिर थर असतो, तिथला कार्बन डायऑक्साइड दुपार व्हायच्या आत संपू शकतो. या अडचणीवर निसर्गानं काढलेल्या तोडग्यांत हायड्रिलाचा तोडगा मला सर्वांत थक्क करणारा वाटतो. हीच हायड्रिला आपण शाळेच्या प्रयोगशाळेत फनेलखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे पाहिले. कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा झाला आणि पाणी तापलं, की ती आपली प्रकाशसंश्लेषणाची पद्धतच बदलते. मका आणि ऊस ज्या सी-४ पद्धतीनं कार्बन साठवून वापरतात, तीच पद्धत ती सुरू करते. उसाला त्यासाठी दोन प्रकारच्या पेशी लागतात. हायड्रिला ते एकाच पेशीत जमवते. शिवाय हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढू शकतात. पाणमॉसला हे साधत नाही.

महाराष्ट्रात या फरकाला फार महत्त्व आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. ते पावसाचं, मऊ पाणी. दख्खनच्या बेसॉल्टमधून उपसलेलं बोअरचं पाणी मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटनं भरलेलं असतं. त्या पाण्यात व्हॅलिसनेरिया जोमानं वाढते आणि मॉस झुरतो. दोष हाताचा नसतो. अशा पाण्याचा पीएच आठच्या आसपास असला, तर अमोनियाही जास्त घातक ठरतो. पंचवीस अंश तापमानाला पीएच सातवर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. आठवर तो पाच टक्क्यांच्या घरात जातो. बोअरच्या पाण्यावर टँक लावणाऱ्यानं मासे सोडायची घाई म्हणूनच अजिबात करू नये. आपल्याकडे हीटर बहुधा लागत नाही, उन्हाळ्यात मात्र उलटी चिंता असते. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला साडेसातच. रात्री झाडंही ऑक्सिजनच वापरतात. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले, तर माशांची संख्या कमी करावी आणि गाळणीचं पाणी वरून, खळबळ होईल असं पाडावं.

बाटलीतून कार्बन डायऑक्साइड सोडणं, प्रखर दिवे, दर आठवड्याला छाटणी हा प्रकार जगभर पोहोचवला तो जपानच्या ताकाशी आमानो यांनी. निईगाताचे आमानो (१९५४-२०१५) व्यावसायिक सायकलपटू होते, निसर्गाचे छायाचित्रकार होते. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. शेवाळ खाणारी एक छोटी कोळंबी तर आता त्यांच्याच नावानं विकली जाते. त्यांचं शेवटचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयात आहे: चाळीस मीटर लांब, एक लाख साठ हजार लिटर पाण्याचा टँक. त्यांची दृष्टी मला मनापासून आवडते. तरीही पहिल्या टँकसाठी मी वॉलस्टॅड यांचीच रीत सुचवेन. उजेड आणि वायू वाढवला की झाडांची भूकही वाढते, आणि एखाद्या आठवड्यात खत किंवा छाटणी चुकली, की शेवाळ लगेच जागा घेतं. सहा ते आठ तास मध्यम उजेड आणि आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणं, एवढ्यावर साधा टँक वर्षानुवर्षं टिकतो.

या छंदात सह्याद्रीचाही वाटा आहे. लालभडक पानांची रोटाला मॅक्रँड्रा, ओढ्याकाठच्या क्रिप्टोकोरीन आणि लॅगेनँड्रा यांच्या जाती पश्चिम घाटातल्याच. केरळच्या नद्यांतला तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब परदेशी बाजारात इतका खपला, की त्याच्या पकडीवर निर्बंध आणायची वेळ आली. आज तो संकटग्रस्त मानला जातो. साताऱ्याच्या परिसरातून १९८२ मध्ये वर्णन झालेली ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस पावसाळ्यात सड्यांवरच्या उथळ पाण्यात उगवते, तिला जोडीनं फुलोरे येतात आणि कोरड्या महिन्यांत ती जमिनीखालच्या कंदात परतते. बारमाही भरलेला टँक तिचा नाही. ती उपटून आणणं म्हणजे मोजक्या सड्यांवरून तिचा ठाव पुसणं आहे. क्रिप्टोकोरीन हवी असेल, तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्यावी. नव्या पाण्यात पहिल्या पंधरवड्यात तिची पानं वितळतात, तेव्हा ती मेली असं समजून उपटू नये. मुळं जिवंत असतात आणि नवी पानं त्याच पाण्याला साजेशी येतात.

उलट दिशेचा धोकाही तितकाच मोठा. हायड्रिला १९५०च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले कालवे, तळी तिनं भरून टाकली. तिला आवरायला आजही प्रचंड पैसा ओतावा लागतो. आपल्या नद्या गिळणारी जलपर्णीही भारतात शोभेची वनस्पती म्हणूनच आली. घरात मोठा झालेला सकर मासा लोक नदीत सोडून देतात. उजनीच्या मच्छीमारांना तो ‘हेलिकॉप्टर’ म्हणून चांगलाच ठाऊक आहे, कारण त्याचे काटे जाळी फाडतात आणि त्याला बाजारात भाव नाही. टँक मोडायचा झाला, तर मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. छाटलेल्या फांद्या नाल्यात, विहिरीत किंवा विसर्जनाच्या तळ्यात टाकू नयेत, कारण हायड्रिलाच्या एका पेरापासूनही नवं झाड उभं राहतं. फांद्या गच्चीत कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मग कुंड्यांच्या खतात घालाव्यात. काढलेलं जुनं पाणीही त्याच कुंड्यांना द्यावं, त्यात नायट्रेट भरपूर असतं.