ताम्हण : राज्यपुष्पाचा वृक्ष

महाराष्ट्राचे राज्यपुष्प कोणते, या प्रश्नास शाळकरी मुले ‘ताम्हण’ असे अचूक उत्तर देतात. मात्र त्याचा वृक्ष दाखवा म्हटले, तर पुष्कळदा मोठी माणसेही गोंधळतात. कोणी बागेतील चिनाई मेंदीकडे बोट दाखवितो. ती ताम्हणाच्याच प्रजातीतील खरी. पण मूळची परदेशी व झुडुपासारखी वाढणारी.

ताम्हण हा मेंदीच्या कुलातील पानझडी वृक्ष होय. कोकणात व सह्याद्रीच्या खोऱ्यांत ओढ्यांच्या काठी तो आपण होऊन वाढतो. बंगालमध्ये त्यास जारूळ म्हणतात. साल करडी, गुळगुळीत असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. हिवाळ्याच्या अखेरीस पाने तांबूस होऊन गळतात. नवी पालवी आल्यावर, साधारणतः एप्रिलपासून, फांद्यांच्या टोकांस फुलांचे उभे तुरे येतात. फूल जांभळट गुलाबी, बहुधा सहा पाकळ्यांचे. पाकळ्या चुरगळलेल्या तलम वस्त्रासारख्या व मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. तुऱ्यातील खालच्या कळ्या आधी उमलतात आणि उमललेल्या फुलांचा रंग दिवसागणिक फिका होतो. त्यामुळे एकाच तुऱ्यात गडद व फिकट छटा एकत्र दिसतात. हा बहर ज्याने ऐन वैशाखात पाहिला, त्यास राज्यपुष्पाची निवड समजावून सांगावी लागत नाही.

शोभेखेरीज याचे लाकूडही मोलाचे. ते तांबूस, मजबूत व पाण्यात टिकणारे असल्याने होड्या, गाड्या व घरबांधणीसाठी वापरले जाते. आसामात त्यास सागवानाच्या खालोखाल मान मिळत आला आहे. फिलिपाइन्समध्ये पानांचा काढा मधुमेहावर घेतात. तथापि रुग्णांनी त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध सोडू नये.

वृक्षारोपणात आपण गुलमोहर मुक्तहस्ताने लावला. तो मूळचा मादागास्करचा आणि वादळात सहज मोडणारा. ताम्हणास त्या मानाने जागा थोडी मिळाली. फळे तपकिरी झाली की ती तडकण्यापूर्वी काढून उन्हात वाळवावीत. आतून पंख असलेल्या हलक्या बिया निघतात. रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत व गुरांपासून जपावीत. मुख्य गोष्ट जागेची. हा ओलीचा वृक्ष आहे. ओढ्याचा काठ, पाझर तलावाखालची जमीन किंवा शाळेच्या नळाचे सांडपाणी जिरते ती बाजू त्यास मानवते. उघड्या, कोरड्या माळासाठी बहावा निवडावा.