काचसफाई : थोड्या भांडवलाचा व्यवसाय

शिरोली एमआयडीसी - पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्रींची संख्या मोठी आहे. साच्यांची वाळू, ओतकामाचा धूर आणि महामार्गावरील धूळ यांमुळे कार्यालयांच्या काचा लवकर मळतात. काचसफाईचा छोटा व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणांना ही संधी आहे.

रबरी पट्टीचा वायपर, स्पंज, दोन बादल्या, सुती फडकी आणि लांब दांडा एवढ्यावर प्रारंभ करता येतो. 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क होते. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे.

फाउंड्रीच्या धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या फडक्याने पुसल्यास काचेवर ओरखडे उठतात आणि पहिलाच ग्राहक दुरावतो. त्यासाठी आधी भरपूर पाण्याने धूळ ओघळू द्यावी, मगच वायपर फिरवावा. उन्हात पाणी सुकून डाग राहतात. म्हणून काम सकाळी उरकावे.

पहिले काम मिळविण्यासाठी जाहिरातीपेक्षा प्रात्यक्षिक उपयोगी पडते. व्यवस्थापकांच्या परवानगीने दर्शनी भागातील एकच काच विनामूल्य स्वच्छ करून दाखवावी. शेजारच्या मळक्या काचेमुळे फरक आपोआप लक्षात येतो. दर चौरस फुटावर सांगावा. मात्र धूळ पुन्हा बसणारच असल्याने एकवेळच्या कामाऐवजी मासिक करार मागावा. कारखान्याच्या साप्ताहिक सुटीचा दिवस निवडल्यास उत्पादनात अडथळा येत नाही.

ग्राहक मिळविण्याच्या घाईत उंचावरील काम मात्र स्वीकारू नये. प्रशिक्षण, सुरक्षा पट्टा आणि विमा यांची सोय होईपर्यंत जमिनीवरून दांडा पोहोचेल तेवढेच काम घेणे हिताचे आहे.