आवरणे : एका क्रियापदाचे शरीरशास्त्र

'आवरणे' हे क्रियापद मराठीने किती ठिकाणी योजिले आहे! हात आवरावा, जीभ आवरावी, अश्रू आवरावेत आणि मनही आवरावे. शरीर व मन या दोहोंना एकच शब्द लावण्यात भाषेने केवळ सोय पाहिली असावी, असे आम्हांस वाटत नाही. मेंदूच्या अभ्यासकांना जे आढळले आहे, ते या शब्दयोजनेशी पुष्कळसे जुळते.

थांबणे म्हणजे काही न करणे, हा सर्वसाधारण समज. वस्तुतः थांबणे ही स्वतंत्र क्रिया होय. लोगन व कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली असे प्रतिपादिले की, कृतीची प्रेरणा व तिला थोपविणारी प्रेरणा यांची शर्यत लागते; दुसरी आधी पोहोचली तरच हात थांबतो. या दुसरीस सुमारे पाव सेकंद लागतो. उचललेली बॅट फलंदाजास कधी मागे घेता येते व कधी येत नाही, याचे कारण हेच.

ही आज्ञा मेंदूच्या ललाटभागातून, विशेषतः उजव्या बाजूने, खोलवर वसलेल्या सबथॅलॅमिक केंद्रकाकडे जाते. मसुराच्या घडणीचे हे चिमुकले केंद्रक फ्रेंच वैद्य ल्यूइस यांनी १८६५ साली वर्णिले. ते चेतले की पुढील केंद्रांकरवी थॅलॅमसवर दाब येतो आणि हालचालीस मिळावयाची अनुज्ञा रोखली जाते. रक्तपुरवठा तुटून ते दुखावले, तर विरुद्ध बाजूचे हातपाय रुग्णाच्या इच्छेवाचून जोराने फेकले जाऊ लागतात.

आता विचारांकडे वळू. कंपवाताच्या काही रुग्णांत याच केंद्रकात तार बसवून विद्युत्प्रवाह सोडतात. त्याने हालचाल सुधारते. परंतु दोन जवळपास सारख्या पर्यायांतून निवड करताना इतर माणसे जेथे क्षणभर थबकतात, तेथे प्रवाह चालू असता हे रुग्ण उलट घाई करतात, असे फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले. पुढे २०१६ साली वेसल, एरन प्रभृतींना आढळले की, अनपेक्षित ध्वनी कानी पडताच मनात धरलेली अक्षरे निसटतात, आणि त्या वेळी हेच केंद्रक कार्यरत असते. हात थांबविणारी यंत्रणा विचाराची धावही खंडित करते, असा याचा इत्यर्थ.

म्हणून उपचारानंतर एखादा वडीलधारा माणूस एकाएकी उतावळा झाला, तर घरच्यांनी त्याच्या स्वभावास दोष देण्यापूर्वी वैद्यांस सांगावे. प्रवाहाचे प्रमाण कमीअधिक करता येते. संयम हा सद्गुण खराच. तथापि तो ज्या वाटेने चालतो ती वाट शाबूत असणे, ही कोणाचीही स्वतःची कमाई नव्हे.