मोहनवीणेला पिकअप कोणता?

विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा ही आर्चटॉप गिटारवर घडवलेली. तिला सपाट गिटारसारखं मधलं गोल भोक नाही, त्यामुळे त्यात बसणारा तयार चुंबकीय पिकअप इथे बादच. पण जागेपेक्षा मोठी अडचण वेगळी. चुंबकीय पिकअप जवळच्या पोलादी तारेचं कंपन टिपतो, लाकडाचं फारसं नाही. मग मुख्य तारांखाली तो बसवला तर मींड ठसठशीत येईल, तरफांची आस मात्र मागे राहील. आणि तीच हरवणार असेल तर तरफा लावायच्या कशाला? म्हणून माझा कौल घोडीजवळ तबकडीला चिकटवायच्या पिएझोला: तबकडीपर्यंत पोचलेलं प्रत्येक तारेचं कंपन त्याला कळतं.

यावर आक्षेप दोन. तो शिट्टी मारतो, हे खरं. पण खर्जाचा अनावश्यक भाग गाळला आणि मॉनिटरचा आवाज आवरला तर बरंच निभावतं. तो पातळ, पत्र्यासारखा वाजतो, हा दोष पुष्कळदा पिकअपचा नसून जोडणीचा असतो. पिएझोला साधारण 1 मेगओम किंवा त्याहून जास्त इनपुट इम्पीडन्सचा प्रीअॅम्प लागतो; तो नसला की खालचे स्वर झडतात. बैठकीत मायक्रोफोनच सरस, वाद नाही. मोठ्या मंचावर मात्र शेजारचा तबलाही त्यात शिरतो.